भाऊंचे चिंचोके

भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात कायम चिंचोके असायचे. आमच्या लोणावळ्याच्या ऑफिसचा जिना लाकडी, तरी पावलांच्या आधी चिंचोक्यांचा आवाज वर यायचा. ओंकार स्क्रीनवरून मान न उचलता म्हणायचा, "आला खुळखुळा." दारात चपला काढता काढता भाऊ म्हणायचे, "खुळखुळा तुझा आजा." मग कामाला सुरुवात व्हायची.

भाऊ जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी काही लिहावं असं वाटत होतं, पण जमेल की नाही याची खात्री नव्हती. अजूनही नाही. आमच्या वडिवळ्याच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहिणं म्हणजे परीक्षेत पुरवणी मागणं, एवढीच माझी ओळख. भाऊंचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मी त्यांना कामाच्या टेबलापाशी पाहिलं, आणि थोडंफार स्टेशनवर. जे पाहिलं तेवढंच सांगते.

आधी काम काय ते सांगायला हवं. मृणालताई म्हणजे भाऊंची पुतणी. तिनं तुंगार्लीच्या बाजूला एक बंगला भाड्यानं घेतला होता. पर्यटकांना तासाभरासाठी एका खोलीत बंद करायचं, खोलीत खुणा दडवून ठेवायच्या, त्या शोधत शोधत कुलपं उघडून त्यांनी बाहेर पडायचं, असा खेळ ती चालवायची. लोक यासाठी पैसे देतात हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. मग लॉकडाऊन लागला, पर्यटक बंद झाले, आणि मृणालताईनं त्याच खोल्या कॉम्प्युटरवर आणल्या. माणूस आपल्या घरी बसून स्क्रीनवरची खोली बघणार, कपाटावर क्लिक केलं की कपाट उघडणार, सापडलेली वस्तू खालच्या पिशवीत जाणार. खोल्या भाऊंच्या डोक्यातून यायच्या. ओंकार त्या कॉम्प्युटरवर चालत्या करायचा. आणि खोली बाजारात जायच्या आधी लोकांना ती खेळायला लावायची, त्यांचं काय म्हणणं आहे ते गोळा करायचं, हे काम माझं. कॉलेज सुटलं की तळेगावहून लोकल धरून मी यायचे.

आई विचारायची, "म्हंजे तू लोकांना कोंडतीस?"

"मी नाही कोंडत. कोंडलेल्यांना कसं वाटलं ते विचारते."

"कसं वाटायचंय? कोंडल्यावानी."

हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की नंतर कुणी फारच लांबलचक तक्रार लिहिली की म्हणायचे, "वडिवळ्याच्या बाईंनी दोन शब्दांत सांगितलंय ते."

भाऊ मूळचे परंदवडीचे. नोकरी सगळी देहूरोडच्या लष्करी डेपोत झाली. कुठली वस्तू कुठल्या पेटीत कशी बसेल, प्रवासात हलणार नाही, उघडताना अडणार नाही, याचे नकाशे ते काढायचे. खोली त्यांना मोठी पेटीच वाटत असावी. खाकी कागदावर पेन्सिलीनं आधी भिंती, मग दारं-खिडक्या, मग सामान. राहत अजून देहूरोडलाच होते, त्यामुळे येणं-जाणं लोकलनं. खिडकीची जागा मिळाली तरी ते दाराजवळ उभे राहायचे. लोक बॅगा कशा उघडतात, कुठल्या कप्प्यात हात आधी जातो, हे तिथून बरं दिसतं म्हणायचे.

मी कामाच्या चौकशीला गेले त्या दिवशी मुलाखत होईल म्हणून उत्तरं पाठ केली होती. भाऊंनी काहीच विचारलं नाही. एका कॉम्प्युटरपुढं बसवलं, एक खोली उघडून दिली, आणि स्वतः माझ्या पाठीमागे स्टुलावर बसले. शेजारच्या टेबलावर त्याच खोलीचा कागदी नकाशा पसरलेला. सुरुवातीचं मला जमलं. मग एक पियानो आला. भिंतीवर सुरांची अक्षरं लिहिलेली, त्याप्रमाणे पट्ट्या दाबल्या की कुलूप उघडणार. कुठल्या पट्टीला काय म्हणतात हे मला कुठून माहीत असणार? मी दाबत राहिले. कानाच्या पाळ्या तापल्या. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला होतं तसंच होत होतं. सगळ्यांना कळलंय आणि आपल्यालाच नाही. शेवटी हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, सॉरी, मला हे येत नाही.

पाठीमागून टक् असा आवाज आला. भाऊंनी नकाशावरच्या पियानोवर एक चिंचोका ठेवला होता.

"तुझं न्हाई चुकलं, पोरी," ते म्हणाले. "खोलीचं चुकलं."

मला वाटलं, समजूत काढताहेत. पण त्यांनी ओंकारला हाक मारली आणि पियानो काढायला सांगितला. ओंकार वैतागला. तो पियानो तयार करायला त्याचा बराच वेळ गेला होता, आणि आतापर्यंत खेळलेल्या सगळ्यांना तो आवडला होता. भाऊ म्हणाले, "आवडला आसंल. पन खोलीत शिरताना कुनी घरनं काय आणायचं न्हाई. जे लागंल ते खोलीतच पायजे. हिच्या घरात बाजाची पेटी न्हाई म्हणून हिनं काय आतच ऱ्हायचं व्हय?"

मला काम मिळालं. पियानो गेला.

चिंचोके कशासाठी ते तेव्हा कळलं. खेळणारा जिथं अडेल, म्हणजे हात थांबेल, उसासा टाकेल, डोकं खाजवेल, उगाच मोबाइल बघेल, तिथं नकाशावर भाऊ एक चिंचोका ठेवायचे. जे लोक आपापल्या घरून खेळायचे त्यांचा स्क्रीनवरचा बाण आम्हाला दिसायचा, तो थबकला की चिंचोका. बरेच जण खेळून झाले की नकाशावर कुठं एकटा-दुकटा, कुठं ढीग. लोक तोंडानं जे सांगायचे ते मी लिहून घ्यायचे. भाऊ तेही मन लावून ऐकायचे, मध्ये बोलायचे नाहीत, खोडून काढायचे नाहीत. मग नकाशाकडे बघायचे. "सांगतेत कपाटाचं, आन् हात अडलाय पडद्याशी. पडदा नीट दिसला आसता तर कपाट आपोआप उघडलं आसतं." पुण्याची काही मुलं एकदा खेळून गेली. सगळ्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले, भारी, एक नंबर असं लिहिलं. मी खूश झाले. भाऊंनी मला नकाशा दाखवला. निम्मी खोली चिंचोक्यांनी भरली होती. "चांगल्या घरची पोरं हायती," ते म्हणाले. "पाव्हन्याच्या घरचं जेवण खारट म्हणत न्हाईत."

खेळणारा चिडला तर त्यांना चालायचं. शिव्या दिल्या तरी चालायचं. पण तो लाजला, की भाऊंचा चेहरा उतरायचा. आपण मठ्ठ आहोत असं वाटून एक माणूस जरी उठला तरी ती खोली नापास, असं ते म्हणत. मी खूप शिक्षक पाहिले नाहीत, पण असं म्हणणारे ते एकटेच.

दुसरा नियम असा, की खोलीत उगाच काही नको. जी वस्तू काही उघडत नाही, काही सांगत नाही, ती काढायची. कारण कोंडलेला माणूस प्रत्येक गोष्टीला खूण समजतो. नुसती शोभेची फुलदाणी ठेवली तरी तो बिचारा तिच्याशी झटत बसतो. हा नियम भाऊंचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. इंदूमावशी. मी त्यांना कधी पाहिलं नाही. बंगल्यातल्या खऱ्या खोल्यांच्या वेळी भाऊ लाकडाच्या पेट्या, चोरकप्पे बनवायचे आणि पहिल्यांदा घरी घेऊन जायचे. मावशी मेथी निवडत असल्या तरी पेटी पुढ्यात. त्या चष्मा वर सरकवून बघायच्या, खालीवर करायच्या, आणि बऱ्याचदा एवढंच म्हणायच्या, "ह्ये उगाच हाय." मग भाऊ ते काढून टाकायचे. मृणालताई सांगायची, काकांच्या खोल्या चांगल्या असायच्या त्याचं निम्मं कारण काकूच्या तोंडचं "उगाच".

मावशी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यानंतर भाऊंनी जी खोली काढली तिचं नाव 'घाटातला बंगला'. धुक्यातली एक जुनी खोली, कंदील, लोखंडी ट्रंक, भिंतीवरचं घड्याळ, आणि दरीकडे उघडणारी खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर एक चष्मा. डाव्या दांडीला बिजागरीपाशी पांढरा दोरा गुंडाळलेला. भाऊंनी खरा चष्मा डबीतून आणून ओंकारपुढं ठेवला होता आणि हुबेहूब तसाच करून घेतला होता. कुणाचा ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मला मृणालताईनं हळूच सांगितलं, म्हणजे मी चुकून काही बोलू नये.

तो चष्मा काहीच उघडत नव्हता.

आणि खोलीत चष्मा दिसल्यावर त्यावर क्लिक न करणारा माणूस या जगात नसावा. लोक तो उचलायला बघायचे, उचलला जायचा नाही. मग तो घालून भिंतीवरचं वाचायचा प्रयत्न. मग दोरा. एकानं लिहिलं होतं, दोऱ्याचे वेढे मोजले, तो आकडा सगळ्या कुलपांना लावून पाहिला, कृपया पुढच्या वेळी असं करू नका. दुसरी म्हणाली, चष्मा हा शुद्ध खोडसाळपणा आहे. नकाशावर खिडकीपाशी चिंचोक्यांचा ढीग व्हायचा, इतका की घसरून दरीत, म्हणजे कागदाबाहेर, पडायचा. भाऊ बाकीचे ढीग बघत, बोलत, बदल सुचवत. खिडकीवरचा ढीग मात्र सगळ्यात शेवटी तळहातानं ओढून खिशात टाकत, आणि त्यावर काही बोलत नसत.

परंदवडीहून बचत गटाच्या बायका आल्या होत्या ते मला नीट आठवतं. भाऊंच्याच भावकीतल्या. भाऊंना शहरातले लोक पुरेत, आता घरातली माणसं हवीत असं वाटत होतं. बायकांनी कोड्याकडे बराच वेळ लक्षच दिलं नाही. त्यांना बंगल्याचीच काळजी. एक म्हणाली, चूल हाय पन राख कशी न्हाई? दुसरी म्हणाली, ह्या घरात मोरी कुटं हाय? मी खाली मान घालून हसत होते. भाऊही हसत होते, पण नकाशावर चिंचोका टाकत होते. मोरीसाठी जागा करता येईल का तेही पेन्सिलीनं बघत होते.

त्यांच्यात एक म्हातारी होती, सखूमावशी. माउस तिच्या हातात राहत नव्हता, म्हणून ती नुसती बोट दाखवायची आणि मी क्लिक करायचे. तिचं बोट खिडकीवर आलं.

"त्यो चष्मा कुनाचा?"

आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, हा चष्मा कशाचा. कुणाचा, असं कुणी विचारलं नव्हतं. मी मागे भाऊंकडे बघितलं.

"बाईचा हाय," सखूमावशी स्वतःच म्हणाली. "इसरून गेली वाटतं. आता तिकडं तिला दिसायचं कसं?"

भाऊंचा हात नकाशावर चिंचोका धरून तसाच राहिला होता. "व्हय," ते म्हणाले. "इसरला."

त्या दिवशी त्यांनी तो चिंचोका खिडकीवर ठेवला नाही. मुठीतच धरून बसले होते.

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं 'घाटातला बंगला' आपल्या सगळ्या माणसांसाठी घ्यायचं जवळजवळ नक्की केलं. मृणालताईची हीच एक आशा होती. नाहीतर भाड्याचा बंगला परत करून ऑफिस बंद करायचं आणि आम्हाला सोडायचं, हे तिनं आम्हाला सरळ सांगून टाकलं होतं. कंपनीनं आधी आपले थोडे लोक खेळवून पाहिले. खोली आवडली. तक्रार एकच. चष्मा. त्यात आमचा बराच वेळ वाया जातो, माणसं वैतागतात, शेवटचं दार चांगलं असूनही तिथपर्यंत मन राहत नाही. तो काढा किंवा त्याचा काही उपयोग करा, मग आमची माणसं लोणावळ्याला येऊन एकदा पुन्हा खेळतील आणि मग ठरवू.

मृणालताईनं भाऊंना ते वाचून दाखवलं. तिला किती जड जात होतं ते दिसत होतं. "काका, तुम्हीच बघा," एवढंच म्हणाली.

भाऊ म्हणाले, "बघतो."

ते रोज येत होते, ट्रंक सुधारत होते, कंदिलाचा उजेड कमी-जास्त करून घेत होते. चष्म्याचं नाव निघालं की, बघतो. मृणालताई दुसऱ्यांदा विचारायची नाही. गॅलरीत जाऊन उभी राहायची.

मार्ग ओंकारनं काढला. खरं तर ते सुचायला अवघड नव्हतं. भिंतीवर धूसर अक्षरं ठेवायची. चष्मा उचलून डोळ्यांवर घातला की अक्षरं स्पष्ट होतात आणि कुलपाचा आकडा मिळतो. म्हणजे चष्मा उगाच राहत नाही, आणि खोलीतही राहतो. आम्हाला वाटलं, सुटलो. ओंकारनं ते फार सुंदर केलं होतं. भाऊंना खुर्चीवर बसवलं. त्यांनी खिडकीतला चष्मा उचलला. पडद्यावरची सगळी खोली आधी डचमळली, मग भिंतीवरची अक्षरं हळूहळू स्वच्छ झाली.

भाऊ बघत राहिले. अक्षरं वाचून झाल्यावरही बघत राहिले. ओंकार माझ्याकडे बघून हसला, त्याला वाटलं जमलं.

"चांगलं केलंस," भाऊ म्हणाले. "लय चांगलं केलंस. पन ऱ्हाऊ दे. तिचा नंबर होता त्यो. दुसऱ्याला कसा लागंल?"

ओंकारनं ते लगेच पुसलं.

त्या संध्याकाळी स्टेशनवर लोकल यायला वेळ होता. भाऊ देहूरोडला जाणार, मी कामशेतला उतरणार. बाकावर बसलो होतो. चिक्कीच्या पिशव्या घेतलेली माणसं समोरून जात होती. मी काही विचारलं नव्हतं. भाऊ आपणहूनच बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मावशी स्वतःच्या पायानं चालत गेल्या होत्या. भाऊंना बरोबर जाऊ दिलं नाही. बॅग भाऊंनी भरली. टॉवेल, कंगवा, चार्जर, पाण्याची बाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या भरण्याचे नकाशे काढलेले, त्यामुळे बॅग अगदी व्यवस्थित भरली, जरा हलत नव्हती, असं ते म्हणाले. चष्मा खिडकीत राहिला. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून मावशींनी तो तिथं ठेवला होता.

"फोन आला तिचा. म्हणली, हितं समदी सारखीच दिसत्यात. कोन डॉक्टर, कोन नर्स, कळंना. तोंडं तर झाकल्याली. समोर घड्याळ हाय, पन वाजलं किती ते दिसंना. चष्मा पाठवा म्हणली."

भाऊ लगेच घेऊन गेले. आत जायला परवानगी नव्हती. दाराशी जो माणूस होता त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत नाव लिहून द्यायला सांगितलं. भाऊंनी नाव लिहिलं, पिशवीला गाठ मारली, दिली. तो नीट वागला, आजोबा काळजी करू नका म्हणाला. मग फोनवर मावशींचा आवाज कमी कमी होत गेला. चष्मा मिळाला का, हे भाऊ विचारायचे. त्या म्हणायच्या, देतील, त्यांनाही खूप काम आहे.

"नंतर तिचं सामान दिलं मला," भाऊ म्हणाले. "त्यात पिशवी होती. गाठ मी मारल्याली तशीच होती."

पलीकडच्या रुळावरून एक लांब मालगाडी गेली. ती जाईपर्यंत बोलता येत नव्हतं. कॉलेजातल्या मुली अशा वेळी काहीतरी नीट बोलतात, मला येत नाही. मी त्यांच्या पिशवीचा बंद धरून बसले.

"कुनाला दोष न्हाई देत मी. त्यांना तरी कुटं उसंत होती? पन पोरी, खोलीत जे लागतं ते आत पायजे का न्हाई?"

मी म्हटलं, हो भाऊ.

गाडी आली. ते दाराजवळ उभे राहिले, मीही. कामशेत यायच्या जरा आधी ते म्हणाले, "ती आसती तर पयल्याच दिवशी म्हणली आसती. ह्ये उगाच हाय, काढा." मी उतरले. गाडी सुटली तेव्हा ते बाहेर बघत होते, पण मला बघत नव्हते.

कंपनीची माणसं यायच्या दिवशी सकाळी भाऊ आले. खुळखुळा म्हणायचं ओंकारच्या जिवावर आलं असावं, तो स्क्रीनकडेच बघत राहिला. तर भाऊच म्हणाले, "का रं, आज आजा न्हाई आटवला?" मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"काढ."

ओंकारनं एकदा मृणालताईकडे बघितलं. भाऊ पुन्हा म्हणाले, "काढ की. लोकं वाट बघत्यात." चष्मा गेला. जाताना काही आवाज झाला नाही. खिडकीचा कट्टा रिकामा, मागं धुकं. मृणालताईनं भाऊंच्या पायांना हात लावला. तसं कुणी करत नाही आमच्या ऑफिसात. भाऊ म्हणाले, "आगं, दार उघड, आल्यात ती."

कंपनीची माणसं चांगली होती. हसत-खिदळत खेळली. ट्रंकेपाशी थोडी अडली, कंदिलापाशी भांडली, मग एकीला सुचलं आणि सगळी ओरडली. खिडकीकडे कुणी फिरकलंही नाही. कशाला फिरकतील, तिथं काही नव्हतंच. शेवटचं दार उघडलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी लाजलं नव्हतं, कुणी मठ्ठ ठरलं नव्हतं. भाऊ त्यांच्या मागं स्टुलावर बसून सगळं बघत होते, जिथं हवं तिथं चिंचोका ठेवत होते. मी प्रतिक्रिया लिहून घेतल्या. त्यांच्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, आता खोली अगदी मोकळी झाली, अडकल्यासारखं वाटतच नाही. मृणालताई त्यांना खाली सोडायला गेली. जिन्यातून तिचा हसण्याचा आवाज येत होता. किती दिवसांनी येत होता.

मी नकाशा गुंडाळायला गेले. ट्रंकेवर एक-दोन, कंदिलावर एक, घड्याळापाशी एक. असा स्वच्छ नकाशा मी पाहिला नव्हता. भाऊ टेबलापाशी आले. "थांब जरा," म्हणाले. दारापासून सुरुवात करून त्यांनी बोट फिरवलं, भिंतीच्या कडेनं, ट्रंकेवरून, घड्याळाखालून. बोट खिडकीपाशी आलं आणि थांबलं.

मग त्यांनी खिशात हात घातला, एक चिंचोका काढला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टक् आवाज झाला.

ओंकार पलीकडून वायरी आवरत होता, त्याला टेबल दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, "आता कोण अडकलं, भाऊ?"

"हाय एक जण," भाऊ म्हणाले.

त्यांनी टोपी घातली, पिशवी काखोटीला मारली, आणि जिना उतरले. पुन्हा ते ऑफिसात आले नाहीत. त्यानंतर त्यांचं दुखणं सुरू झालं, फोनवर बोलायचे, कुठली खोली काढताय ते विचारायचे. पण मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. ते जिना उतरले तेव्हा मी खिडकीशी गेले होते. उताराच्या रस्त्यावर धुकं होतं, त्यात त्यांची टोपी थोडा वेळ दिसली, मग नाही दिसली. टोपी दिसेनाशी झाल्यावरही खिशातला आवाज जरा वेळ येत राहिला.